पाकिटावर रेझिस्टंट लिहिलंय, जीनही आहे, मग टोमॅटोवर व्हायरस आला कसा?

प्रश्न थोडक्यात असा होता. जुन्नर तालुक्यातल्या एका दादांनी फेब्रुवारीच्या शेवटी टोमॅटो लावला, वाण हायब्रीड, पाकिटावर लीफ कर्लच्या, म्हणजे पानं वळवणाऱ्या व्हायरसच्या, पुढे "आयआर" लिहिलेलं, दुकानदार म्हणाला यात त्याला अडवणारा टाय जीन आहे व्हायरस येणारच नाही. आज पस्तिसावा दिवस आहे आणि साधारण तीस टक्के झाडांचे शेंडे बोकडलेत, म्हणजे वळून गोळा झालेत. दादांचं विचारणं असं की जीन आहे तर व्हायरस आलाच कसा, बियाणं डुप्लिकेट आहे का, आणि पुढच्या वेळी "दोन जीनवालं" महागातलं बियाणं घ्यावं का.

दादा, मी बावीस वर्षं टोमॅटो आणि मिरचीच्या ब्रीडिंगमध्ये आहे, त्यातली निम्मी वर्षं तरी व्हायरसच्या प्लॉटवर गेलीत, म्हणजे जिथे आम्ही मुद्दाम पांढरी माशी वाढू देतो, एक थेंबही औषध मारत नाही आणि कुठली लाईन टिकते ते बघत बसतो. तुमच्यासारखा फोन मला दर उन्हाळ्यात येतो. "व्हायरस येणारच नाही" हे वाक्य दुकानदाराने बोलायलाच नको होतं, कारण असा जीन टोमॅटोत नाहीये. पांढरी माशी पानावर बसणार, सोंड खुपसणार, व्हायरस आत सोडणार, तिथे जीनचा काही संबंधच येत नाही. जीनचं काम सुरू होतं ते त्यानंतर. आत आलेला व्हायरस झाडभर पसरू द्यायचा की नाही, आणि पसरलाच तर किती, एवढंच त्याच्या हातात असतं. म्हणून बियाणं खरं का खोटं याच्याही आधी दोन गोष्टी कळायला हव्यात, तुमच्या प्लॉटमध्ये आलेला व्हायरस कुठला आणि तुमच्या वाणातला जीन त्याला नेमका कुठे अडवतो. या दोन्ही कळल्याशिवाय मी इथे बसून "बियाणं खोटं" किंवा "खरं" म्हणणार नाही.

आता व्हायरस पसरतो कसा ते बघू. पान म्हणजे वाफे पाडलेलं रान समजा. प्रत्येक पेशी एक वाफा, मधे बांध, आणि त्या बांधांना बारीक बारीक दारं, ज्यातून झाडाची साखर, पाणी, निरोप इकडून तिकडे जातात. व्हायरस जाईल एवढी ती दारं मोठी नसतात, म्हणून बहुतेक व्हायरस स्वतःचं एक खास प्रोटीन बनवून घेतात, मूव्हमेंट प्रोटीन म्हणतात त्याला, ते बांधाचं दार फोडून रुंद करतं आणि व्हायरस पुढच्या वाफ्यात उतरतो. असं वाफ्यामागून वाफा करत तो शिरेपर्यंत पोचतो. शीर म्हणजे पाट. एकदा पाटाला लागला की अन्नरसाबरोबर वाहत थेट कोवळ्या शेंड्याला जातो, कारण अन्नरसाची ओढ तिकडेच असते, म्हणून व्हायरस कायम शेंड्यात आधी दिसतो. लीफ कर्लचं तर अजूनच वाईट, पांढरी माशी रस ओढायला सोंड पाटातच घालते त्यामुळे वाफे ओलांडायचा सुरुवातीचा वेळसुद्धा त्याला लागत नाही.

तर जीन या वाटेवर वेगवेगळ्या जागी उभे असतात आणि सगळे एकाच पद्धतीने काम करत नाहीत, हे दुकानात कोणी सांगत नाही.

सगळ्यात जुना आणि सगळ्यात नीट अभ्यासलेला आहे तंबाखूच्या जंगली नातेवाइकातला एन जीन. १९२९ मध्ये होम्स नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की काही झाडांच्या पानावर तंबाखू मोझॅकचा व्हायरस चोळला की फक्त बारीक ठिपके पडतात आणि पुढे काही होत नाही. त्या जंगली तंबाखूत हे घडवून आणतो तो एन जीन. ठिपके म्हणजे काय, तर व्हायरस ज्या वाफ्यात उतरला तो वाफा आणि आजूबाजूचे चार झाडाने स्वतःच जाळून टाकले. व्हायरस जिवंत पेशीशिवाय वाढत नाही, मग तिथेच अडकतो. हा जीन वेगळा काढून वाचला गेला १९९४ मध्ये. पण त्याची एक खोड आहे जी मला आपल्या उन्हाळ्याच्या संदर्भात फार महत्त्वाची वाटते, साधारण २८ अंशाच्या वर तो गप्प बसतो. गरम खोलीत ठेवलेल्या झाडात व्हायरस सगळीकडे पसरतो, आणि तेच झाड परत थंड जागी आणलं की जीन जागा होतो, पण तोवर व्हायरस सगळीकडे असतो म्हणून झाड सगळंच जाळून घेतं आणि मरतं. भोपळी मिरचीत टोस्पो म्हणजे फुलकिड्यांनी पसरणाऱ्या व्हायरससाठी जो टीएसडब्ल्यू जीन असतो तोही असाच, ३२ अंशांच्या आसपास ढिला पडतो. म्हणून परदेशातल्या गार पॉलिहाऊसचे निकाल दाखवून कोणी आपल्या एप्रिल-मेची खात्री दिली तर मी आधी तापमान विचारतो.

टोमॅटोतला टीएम-टू-स्क्वेअर याच जातीचा, आणि त्याचं वैशिष्ट्य म्हणजे तो टोमॅटो मोझॅकच्या मूव्हमेंट प्रोटीनलाच ओळखतो, म्हणजे दार फोडायला आलेल्यालाच पकडतो. पेरूव्हियानम नावाच्या जंगली टोमॅटोतून तो आला आणि कित्येक दशकं जगभर टिकला. का टिकला याचं मला पटणारं कारण असं की मूव्हमेंट प्रोटीन बदललं तर व्हायरसचं स्वतःचं पसरणंच अडतं, त्यामुळे त्याला पटकन रूप बदलता येत नाही. पण शेवटी एकाला जमलं. २०१४ मध्ये इस्राएलमध्ये आणि २०१५ मध्ये जॉर्डनमध्ये ब्राऊन रुगोज नावाचा व्हायरस सापडला, त्याचं मूव्हमेंट प्रोटीन या जीनला ओळखूच येत नाही.

आता तुमच्या कामाचा भाग, टाय जीन. नाव एकच घेतलं जातं पण हे तीन-चार अगदी वेगळ्या स्वभावाचे आहेत.

टाय-१ आणि टाय-३ हे खरं तर एकाच जागेवरच्या एकाच जीनची दोन रूपं आहेत, दोन्ही चिलेन्स या जंगली टोमॅटोतून आले, सहाव्या क्रोमोसोमवर बसतात. टाय-१ ची जागा १९९४ मध्ये इस्राएलमधल्या टीमने दाखवली आणि तो नेमका काय आहे ते २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या टीमने. तो वाफा जाळत नाही, दारही बंद करत नाही. तो झाडाची एक जुनी यंत्रणा जोरात चालवतो, जी व्हायरसच्या डीएनएवर बारीक रासायनिक खुणा चिकटवून त्याचं वाचनच बंद पाडते. व्हायरसच्या प्रती कमी बनतात म्हणजे पाटातलं पाणीच कमी होतं. म्हणून टाय-१ किंवा टाय-३ असलेल्या झाडात व्हायरस सापडतो, लॅबमध्ये टेस्ट केली तर पॉझिटिव्ह येतो, शेंडा थोडा गोळा झालेलाही दिसतो, पण झाड वाढत राहतं आणि माल देतं. पाकिटावरचं आयआर म्हणजे हेच, मध्यम प्रतिकार, चिन्हं दिसू शकतात पण साध्या वाणापेक्षा बरीच कमी. एचआर म्हणजे जास्त प्रतिकार, पण त्यालाही जबर प्रादुर्भावात थोडी चिन्हं येऊ शकतात.

टाय-२ चा स्वभाव वेगळा. तो हॅब्रोकायटिस नावाच्या केसाळ जंगली टोमॅटोतून आला, अकराव्या क्रोमोसोमवर आहे, आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे तो लागवडीच्या टोमॅटोत आणायचं काम भारतीय ब्रीडर कल्लू आणि बॅनर्जी यांनी केलं, १९९० मध्ये ते छापून आलं, त्यातली एच-२४ ही लाईन नंतर जगभर वापरली गेली. टाय-२ हा पहारेकरी आहे, ओळखीचा चोर दिसला तरच ओरडतो. आणि लीफ कर्ल हा एक व्हायरस नाहीये, त्या नावाखाली बरेच येतात. काहींचा डीएनए एकाच तुकड्याचा, बंगळुरू भागात सापडणारे तसे. काहींचा दोन तुकड्यांचा, जसा न्यू दिल्ली लीफ कर्ल, त्यात दुसऱ्या तुकड्यावर पसरण्यासाठीच्या प्रोटीनचे वेगळे जीन असतात. टाय-२ एकतुकडीवाल्यांवर चालतो, दोनतुकडीवाल्यावर त्याचा भरवसा नाही, आणि तो न्यू दिल्लीवाला फक्त दिल्लीत राहत नाही, आपल्या महाराष्ट्रातही आहे. तुमच्या वाणात फक्त टाय-२ असेल आणि आलेला व्हायरस हा असेल तर बियाणं शंभर टक्के खरं असूनही प्लॉट बोकडणार.

अजून एक प्रकार सांगतो कारण मिरचीवाले विचारतातच, तिथे पोटीव्हायरस नावाच्या, माव्याने पसरणाऱ्या व्हायरसांसाठी जो पीव्हीआर जीन वापरतात तो खरं तर बिघडलेला जीन आहे. व्हायरसला स्वतःची प्रोटीनं बनवायला झाडाचं एक अवजार उसनं घ्यावं लागतं, त्या अवजाराचा आकार बदललेला असला की व्हायरसची पकड बसत नाही. असा प्रतिकार दोन्ही पालकांकडून यावा लागतो. आणि पसरण्यालाच अडवणारे अगदी नमुनेदार जीन म्हणजे मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस या रोपातले आरटीएम. तिथे टोबॅको एच हा व्हायरस चोळलेल्या पानात आरामात वाढतो, ठिपका नाही काही नाही, पण पाटाला लागून वर जाऊ शकत नाही. असे निदान तीन जीन एकत्र काम करतात, त्यातला एकही मोडला तर व्हायरस शेंड्यापर्यंत जातो. टोमॅटोच्या पाकिटात हे मिळणार नाही, पण "व्हायरस पानात आहे आणि तरी झाड निरोगी आहे" हे कसं शक्य आहे ते समजायला याच्याइतकं सोपं उदाहरण मला माहीत नाही.

तर तुमच्या प्लॉटवर येऊ. जीन असूनही तीस टक्के का, याची कारणं मी ज्या क्रमाने तपासतो त्याच क्रमाने लिहितो.

पहिलं, हा लीफ कर्लच आहे का. पानं वरच्या बाजूला वाटीसारखी वळलेली, लहान, कडा पिवळ्या, पेरं आखूड, फूलगळ, तर लीफ कर्ल. शेंडा काळा-तपकिरी पडून करपला, पानावर तांबूस झाक, फळावर गोल कडी, तर टोस्पो, जो फुलकिड्यांमुळे येतो. आपल्याकडे तो बहुतेक भुईमुगाच्या शेंडेमरचाच व्हायरस असतो, आणि इथे लोक फसतात, कारण पाकिटावर "टोस्पो रेझिस्टंट" म्हणून जो एसडब्ल्यू-५ जीन असतो तो अमेरिकेकडच्या टोस्पोंचं मूव्हमेंट प्रोटीन ओळखतो, आपला शेंडेमरवाला दुसऱ्या गटातला आहे, त्यावर त्या जीनची खात्री धरू नका. पानं दोरीसारखी बारीक लांब झाली असतील तर काकडी मोझॅक, जो मावा पसरवतो. आणि हो, शेजारी ऊस आहे का? उसात टू-फोर-डी मारलं आणि वारा तुमच्याकडे असला तरी टोमॅटोची पानं अशीच बारीक आणि वळलेली होतात, मी असे दोन प्लॉट पाहिलेत जिथे सगळे व्हायरस व्हायरस करत होते आणि व्हायरस नव्हताच. तणनाशकाचं नुकसान एका बाजूने सुरू होऊन आत कमी कमी होत जातं आणि सगळ्या झाडांवर एकाच वेळी दिसतं, त्यावरून ओळखा.

दुसरं, व्हायरस एकटा आहे का जोडीदार घेऊन आलाय. हे फार कमी जणांना माहीत असतं आणि माझ्या मते आपल्या भागात सगळ्यात मोठं कारण हेच आहे. टाय-१ ज्या यंत्रणेवर चालतो तीच यंत्रणा काकडी मोझॅकचा व्हायरस मोडून टाकतो, म्हणजे झाडात दोन्ही आले की टाय-१ असून नसल्यासारखा. २०१४ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं गेलं. आमच्याकडे त्याच्या आसपासच एका ट्रायलमध्ये टाय-३ ची पक्की लाईन एका कोपऱ्यात पूर्ण बसली होती, आम्हाला वाटलं बियाण्यात मिसळ झाली, प्रत्येक झाडाचं पान तोडून जीन तपासला तर सगळ्यात जीन होता. मग व्हायरस तपासला तर त्या कोपऱ्यात लीफ कर्ल आणि काकडी मोझॅक दोन्ही, बाकी ट्रायलमध्ये फक्त लीफ कर्ल. बांधापलीकडे संपत आलेली काकडी होती, माव्याने भरलेली. २०२० च्या उन्हाळ्यात आपल्या पट्ट्यात तो "तिरंगा" आला होता ना, फळं धड लाल नाहीत धड पिवळी नाहीत, तेव्हाही बंगळुरूच्या आयआयएचआर या बागायती संशोधन संस्थेला गेलेल्या नमुन्यांत काकडी मोझॅक सापडला होता आणि सोबत इतरही व्हायरस होते. असंच अजून एक, लीफ कर्लबरोबर कधी कधी बीटासॅटेलाइट नावाचा डीएनएचा छोटा तुकडा फिरतो, तो स्वतः काही करू शकत नाही पण झाडाची ही यंत्रणा दाबतो, आणि त्याच्या सोबतीनेही टाय-१ कमी पडतो असं दिसलंय. भारतात हे तुकडे भरपूर आहेत.

तिसरं, व्हायरस किती लवकर लागला. लागण झाल्यापासून चिन्हं दिसायला दोन ते तीन आठवडे जातात. तुमच्याकडे पस्तिसाव्या दिवशी तीस टक्के दिसतंय म्हणजे लागण पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच झालीय, काही रोपं तर नर्सरीतूनच घेऊन आली असतील. आजारी झाडं प्लॉटभर विखुरलेली आहेत का एका कडेला? विखुरलेली असतील तर नर्सरीवर संशय घ्या, कडेला दाट असतील तर शेजारच्या जुन्या प्लॉटवर. चार पानांच्या रोपात जीनची यंत्रणा अजून उभी राहतेय आणि वरून दहा माशा रोज व्हायरस ओततायत, मग एकटा माणूस किती वाफे सांभाळणार. तोच वाण चाळिसाव्या दिवशी लागण झाली तर हसतखेळत माल देतो.

आणि चौथं, बियाणं. हायब्रीडमध्ये जीन बऱ्याचदा एकाच पालकाकडून आलेला असतो, अशी एक प्रत असलेलं झाड दोन प्रतींच्या झाडापेक्षा जबर प्रादुर्भावात थोडं कमी टिकतं, ही फसवणूक नाही. पण कोणी हायब्रीडचंच बी धरून रोपं केली असतील तर हिशोब साधा आहे, एका प्रतीच्या झाडाच्या बियांमधून चौथा हिस्सा रोपं जीनशिवाय निघणार. तुमची रोपं नर्सरीतून आलीत, पाकीट तुम्ही स्वतः फोडताना पाहिलंय का ते आठवा. पाकीट, बिल, लॉट नंबर जपून ठेवा. पानाच्या तुकड्यावरून जीन आहे की नाही हे लॅबमधल्या मार्करने, म्हणजे डीएनएच्या तपासणीने, कळतं. आजारी झाडात जीनच नसेल तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, मी त्यात तुमच्या बाजूने आहे.

आता दोन जीनवालं घ्यावं का. उन्हाळी लागवड असेल तर हो, टाय-२ आणि टाय-३ दोन्ही असलेलं घ्या, कारण दोघांचं काम करण्याचं तंत्र वेगळं आहे, एकाला चुकवणारा व्हायरस दुसऱ्याच्या तावडीत सापडायची शक्यता राहते. पावसाळी लागवडीत, जिथे माशीच कमी असते, तिथे मी एवढे पैसे बियाण्याऐवजी नर्सरीच्या नेटवर घालेन. मात्र विचारताना "किती जीन" असं न विचारता "कुठले" असं विचारा. टाय-१ आणि टाय-३ दोन्ही आहेत असं कोणी सांगितलं तर ते दोन पहारे नव्हेत, एकाच पहाऱ्याची दोन नावं आहेत. आणि सूत्रकृमीसाठीचा एमआय जीन टाय-१ च्या अगदी जवळ बसतो, दोन वेगळ्या जंगली टोमॅटोतून आलेले ते तुकडे एकाच क्रोमोसोमवर एकत्र आणणं आमच्यासाठी फार कटकटीचं असतं, म्हणून ब्रीडर बहुतेक वेळा एका पालकात एक आणि दुसऱ्यात दुसरा ठेवतात. गाठी येणारी जमीन असेल तर हेही विचारून घ्या.

एका जीनवर किती विसंबायचं याचं उदाहरण आपल्या मराठवाड्यातच आहे. भेंडीवरच्या केवड्यासाठी, म्हणजे पानं पिवळी पाडणाऱ्या व्हायरससाठी, पूसा सावनी ही जात एके काळी उत्तम मानली जायची, पुढे ती पडू लागली. मग परभणीला जांभळे आणि नेरकर यांनी मॅनिहॉट या जंगली भेंडीतून प्रतिकार आणला आणि परभणी क्रांती दिली, १९८६ मध्ये त्याचा अहवाल आला. माझ्या वडिलांनी ती लावलेली मला आठवते, शेजाऱ्यांची पिवळी पडलेली आणि आमची हिरवीगार. नंतर बऱ्याच ठिकाणी तिच्यावरही केवडा दिसायला लागला. त्यात वाणाचा दोष नव्हता, देशभर तोच प्रतिकार पेरला गेला आणि व्हायरसला बदलायला वर्षानुवर्षं वेळ मिळाला.

आत्ता प्लॉटमध्ये काय करायचं ते सांगतो. जी झाडं पूर्ण खुजी झालीत, फूल नाही, ती उपटून पिशवीत घालून बाहेर न्या, बांधावर टाकू नका. ज्यांचा फक्त शेंडा थोडा वळलाय पण वाढ चालू आहे ती राहू द्या, जीन असलेल्या झाडात व्हायरस कमी असतो त्यामुळे माशीलाही त्याच्यातून कमी मिळतो. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं सारखी सारखी मारू नका, मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उलट वाढते. माव्याच्या बाबतीत फवारणीवर फार भिस्त नको, काकडी मोझॅक काही सेकंदांच्या टोचणीत जातो, औषध लागून मावा मरेपर्यंत काम झालेलं असतं. तिथे शेजारची संपलेली काकडी, दोडका, जुना टोमॅटो उपटून टाकणं जास्त उपयोगाचं, शेजाऱ्याशी गोड बोलून का होईना.

पुढच्या लागवडीला रोपं ४० ते ५० मेशच्या नेटमधलीच घ्या, स्वतः जाऊन नेटला भोकं आहेत का बघा, दुहेरी दार आहे का बघा. सिल्व्हर मल्चिंग, लागवडीच्या तीन आठवडे आधी कडेने मक्याच्या दोन-तीन ओळी, आणि जमलं तर पहिले पंचवीस-तीस दिवस क्रॉप कव्हर, म्हणजे रोपांवर पातळ कापड. टाय जीनला नेमके हेच दिवस हवे असतात.

सोमवारी पाच आजारी आणि दोन चांगल्या झाडांचे कोवळे शेंडे तोडा, कोरड्या कागदात गुंडाळा, ओल्या प्लास्टिकमध्ये नको, सडतात, आणि केव्हीकेच्या (कृषी विज्ञान केंद्राच्या) माणसांना विचारून लॅबला पाठवा. टेस्ट करताना लीफ कर्ल, काकडी मोझॅक आणि शेंडेमर तिन्ही करायला सांगा, एकच केली तर अर्धंच कळेल. रिपोर्ट आला की तो आणि पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो इथे टाका, नर्सरीतून रोपं कुठल्या तारखेला उचलली तेही लिहा.